वाचकांचे प्रश्न : निरोपाच्या वेळी परिचारिकेने काय करावे?

दीर्घ आजारातील शुश्रूषेविषयी या सदरात लिहिल्यापासून जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच प्रश्नाभोवती फिरत होती : रुग्णाचा मृत्यू झाल्यावर त्याच्या घरच्यांना परिचारिकेने कसा आधार द्यावा? विचारणाऱ्यांत नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आहेत, तशीच आपले माणूस गमावलेली मंडळीही आहेत. माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी वॉर्डात झाली आणि त्यातील मोठा काळ पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, विभागात गेला. उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत. जिथे या विषयावर अभ्यास झालेले आहेत, तिथे त्यांचाही आधार घेतला आहे.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून आयसीयूत काम करते. एका पहाटे एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बातमी सांगितली आणि त्यांना लगेच दुसऱ्या रुग्णाकडे जावे लागले. तिच्यापाशी मी एकटीच उरले. काही सुचेना, म्हणून मी म्हणाले, ‘धीर धरा ताई, सुटले बिचारे त्रासातून.’ त्यावर ती म्हणाली, ‘तुम्हाला काय ठाऊक?’ तेव्हापासून अशा वेळी मी काहीच बोलत नाही, कामात असल्यासारखे दाखवते. मी काय बोलायला हवे होते?

उत्तर : तिचे बोलणे मनाला लावून घेऊ नका, पण विसरूही नका, कारण त्या एका वाक्यात तिने तुम्हाला बरेच काही सांगितले आहे. ‘सुटले’ असे म्हणण्याचा हक्क तिचा होता. तिने ते म्हटले असते, तर तुम्ही नुसती मान हलवली असती तरी पुरले असते. तिच्याआधी ते आपण म्हटले, की ऐकणाऱ्याच्या कानी त्याचा अर्थ ‘आता आवर’ असा पडतो. ‘रडू नका’, ‘वय झालेच होते’, ‘देवाची इच्छा’, ‘निदान मुले मार्गी लागली आहेत’ ही वाक्येही आपण सवयीने बोलतो, आणि खरे सांगायचे तर समोरचे रडणे आपल्यालाच सोसवत नाही म्हणून बोलतो.

त्या जागी मी असते तर आधी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले असते आणि एवढेच सांगितले असते : ‘मी रात्रभर तुमच्या वडिलांपाशी ड्यूटीवर होते. मला फार वाईट वाटते आहे.’ त्यानंतर गप्प राहायचे. ही शांतता मिनिटभरही टिकत नाही, पण नवख्या परिचारिकेला ती युगासारखी वाटते आणि ती भरून काढण्यासाठी तोंडातून नको ते निघून जाते. थांबलात, तर पुढचे वाक्य बहुधा तीच बोलेल आणि बहुधा तो एक प्रश्न असेल. इतक्या वर्षांत मला हेच तीन प्रश्न सर्वाधिक वेळा विचारले गेले आहेत : शेवटी त्यांना दुखत होते का, जवळ कोणी होते का, आणि त्यांनी आमची आठवण काढली का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जगात फक्त त्या पाळीच्या सिस्टरकडे असतात. डॉक्टरांना आजार ठाऊक असतो. शेवटचे काही तास आपल्याला ठाऊक असतात. ‘दोन वाजता मी त्यांची कूस बदलली, तेव्हा त्यांनी डोळे उघडून पाहिले होते’ हे साधे वाक्य घरच्यांना वर्षानुवर्षे पुरते. मात्र ते खरे असले पाहिजे. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नसेल, तर घेतले असे सांगू नये. त्या क्षणी जवळ कोणी नसेल, तर ‘दहा मिनिटांपूर्वी मी जाऊन आले होते, तेव्हा त्यांचा श्वास शांत चालू होता’ असे जे घडले तेच सांगावे. बरे वाटावे म्हणून जोडलेली गोष्ट पुढे कधी दुसऱ्याच्या तोंडून वेगळी ऐकू आली, तर उरलेले खरेही खोटे ठरते.

बातमी देण्याचे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचे असते, पण ती कशी ऐकली जाईल हे बरेचसे परिचारिकेच्या हाती असते. व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगू नये. दार लागेल अशी खोली, बसायला खुर्च्या, पाणी आणि सोबतीला घरचे आणखी एखादे माणूस एवढे आधी पाहावे. आपण स्वतःही त्या वेळी आत थांबावे, कारण ‘मृत्यू’ हा शब्द कानावर पडल्यानंतरचे फारसे काही ऐकू येत नाही आणि पुढे तेच सारे पुन्हा, हळूहळू सांगण्याची पाळी आपल्यावर येते. आणि हो, तो शब्द स्पष्ट उच्चारला गेला पाहिजे. ‘पेशंट एक्स्पायर झाला’ ही आपली वॉर्डातली बोली आहे, घरच्यांची नव्हे. एका डॉक्टरांनी फार सौम्यपणे ‘आम्ही खूप प्रयत्न केले, पण ते आता आपल्यातून गेले’ असे सांगितल्यावर रुग्णाच्या भावाने ‘कुठल्या वॉर्डात गेले?’ असे विचारलेले मी स्वतः ऐकले आहे. तो अडाणी नव्हता. मन ती गोष्ट आत घ्यायला तयार नसते, म्हणून जिथे फट दिसेल तिथून ते निसटून जाते.

नंतर घरचे शेवटचे पाहायला येतात, तोवर आपल्याला साधारण पंधरा मिनिटे मिळतात. मॉनिटर बंद करावा, अलार्मचा आवाज थांबवावा, चेहरा व ओठ ओल्या बोळ्याने पुसावेत, केस नीट करावेत आणि एक हात चादरीबाहेर ठेवावा, म्हणजे हातात घेण्यासाठी त्यांना चादर उचलावी लागणार नाही. पलंगाचे कठडे खाली घ्यावेत आणि शेजारी खुर्ची ठेवावी. मृत्यूची चौकशी होणार असेल तर नळ्या काढता येत नाहीत. ते आणि त्याचे कारण दोन्ही त्यांना दारातच सांगावे. ‘हात गार लागेल, ओठांचा रंग बदललेला दिसेल’ हेही आत नेण्यापूर्वीच सांगावे. मग कोणतीही घाई करू नये. कोणते धार्मिक विधी करायचे आहेत का, हे विचारावे. आडनावावरून अंदाज बांधू नये.

वस्तूंबद्दलही एक सांगते. चष्मा, घड्याळ, दातांची कवळी आणि कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून हाती देऊ नयेत. स्वच्छ पिशवी घ्यावी, कपडे घडी करावेत, यादी वाचून दाखवावी. एकदा मी अशी पिशवी एका बाईंच्या हाती देत असताना आतला मोबाईल वाजू लागला आणि पडद्यावर त्यांच्याच मुलाचे नाव आले. त्याला अजून कोणी कळवलेच नव्हते. तेव्हापासून वस्तू देण्यापूर्वी मी फोनचा आवाज बंद करते आणि ‘आणखी कोणाला कळवायचे राहिले आहे का, तुमच्या वतीने मी बोलू का?’ असे विचारते.

या सगळ्यासाठी वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही म्हणाल. २००७ साली फ्रान्समधील २२ अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा मृत्यू अटळ आहे अशा १२६ रुग्णांच्या कुटुंबांपैकी निम्म्यांशी ठरवून, भावना मान्य करत, रुग्ण माणूस म्हणून कसा होता हे विचारत आणि प्रश्नांना वाव देत बैठक घेण्यात आली आणि त्यांना शोकाविषयीची एक पुस्तिकाही देण्यात आली. उरलेल्यांशी नेहमीच्या पद्धतीने बोलणे झाले. पहिल्या गटातील बैठक साधारण ३० मिनिटे चालली, दुसऱ्या गटातील २०. पण नातेवाइकांना स्वतः बोलायला पहिल्या गटात १४ मिनिटे मिळाली, दुसऱ्यात अवघी ५. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातील नातेवाइकांमध्ये मानसिक आघात, चिंता आणि नैराश्य यांची लक्षणे कमी आढळली. दहाच मिनिटे जास्त लागली, आणि ती जवळजवळ सगळीच त्यांच्या बोलण्याची होती.

प्रश्न : माझे वडील कर्करोगाने गेले. शेवटच्या रात्री त्यांच्या घशातून मोठा आवाज येत होता. सक्शन करा, म्हणजे नळीने तो स्राव ओढून घ्या, असे मी तीनदा सांगितले, पण सिस्टर ‘आता उपयोग नाही’ एवढेच म्हणाल्या. त्यांना धाप लागलेली पाहून, मॉर्फिनचे इंजेक्शन द्याच असा मी हट्ट धरला. ते दिल्यावर दोन तासांत त्यांचा श्वास थांबला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ते गुदमरत होते का? आणि माझ्या हट्टामुळे त्यांचा मृत्यू ओढवला का?

उत्तर : तुम्ही मला लिहिलेत हे फार बरे केले. त्या रात्रीच कोणीतरी तुम्हाला जे सांगायला हवे होते, ते आज सांगते.

आपल्या भाषेत ‘घरघर लागणे’ हा शब्दप्रयोग आहे, तो याच आवाजाचा. मृत्यू जवळ आला की शुद्ध हरपत जाते, गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया मंदावते, आणि एरवी आपण नकळत गिळून टाकतो ती लाळ घशाच्या मागच्या बाजूला साचते. तिच्यातून हवा ये-जा करू लागली की तो आवाज होतो. जवळ बसलेल्याला तो बुडणाऱ्या माणसाच्या आवाजासारखा वाटतो. पण रुग्ण त्या वेळी बहुधा खोल ग्लानीत असतो, आणि कपाळावर आठ्या नसतील, हातपाय झाडणे नसेल, तर त्याला त्याचा त्रास होत नसावा असेच आम्ही मानतो. घशात खोलवर नळी घालून केलेले सक्शन मात्र त्रासदायक असते, आणि थोड्याच वेळात स्राव पुन्हा साचतो. म्हणून कुशीवर वळवणे, मान किंचित वळवून ठेवणे, तोंड ओले ठेवणे आणि गरजेप्रमाणे स्राव कमी करणारे औषध देणे हे उपाय केले जातात. तुमच्या सिस्टरचा निर्णय बहुधा योग्य होता. त्यामागचे कारण तुम्हाला न सांगणे ही चूक होती.

आता इंजेक्शनविषयी. मॉर्फिन वेदना कमी करते, तशीच धाप लागल्याची जाणीवही कमी करते. लक्षणे पाहून, मोजून-मापून आणि टप्प्याटप्प्याने वाढवत दिलेल्या मॉर्फिनमुळे शेवटच्या दिवसांतील रुग्णाचे आयुष्य कमी होते, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांच्या, म्हणजे हॉस्पिसच्या, आधुनिक चळवळीच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ होत गेली. दुखणे वाढण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने औषध द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या डॉक्टर होत्या, पण त्याआधी त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. तुमच्या वडिलांचा आजार त्यांना त्या रात्रीपर्यंत घेऊन आला होता. ज्याला दर काही तासांनी औषध द्यावे लागते, त्याच्या बाबतीत कोणते तरी इंजेक्शन शेवटचे ठरणारच असते. तुमच्या हट्टामुळे त्यांचे शेवटचे दोन तास धापेविना गेले असतील, तर मुलाने बापासाठी करण्यासारखे ते मोठे काम होते.

हे वाचणाऱ्या परिचारिकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे सर्व आधी सांगावे. शेवटचे एक-दोन दिवस उरले आहेत असे दिसू लागले, की घरच्यांना बाजूला घेऊन पुढे काय दिसेल ते समजावून द्यावे : हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर चट्टे येतील, श्वास वेगाने वाढत जाऊन मध्येच थांबेल आणि पुन्हा सुरू होईल, घशातून आवाज येईल. प्रत्येक इंजेक्शनच्या आधी एक वाक्य म्हणावे : ‘हे धाप कमी होण्यासाठी आहे. त्यांची वेळ जवळ आली आहे. औषध दिले तरी, आणि न दिले तरी.’ आणि त्यांच्याशी बोलत राहा, असे घरच्यांना जरूर सांगावे. २०२० साली कॅनडातील संशोधकांनी हॉस्पिसमधील रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी तपासल्या. बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी काही रुग्णांचा मेंदू आवाजांची दखल घेत असल्याचे त्यात दिसले. त्यांना शब्दांचा अर्थ कळतो असे त्यावरून म्हणता येत नाही, पण पलंगाशी गप्प उभ्या असलेल्या मुलाला बोलायला सांगण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : नातेवाइकांसमोर परिचारिकेला रडू आले तर ते व्यवसायाला शोभत नाही, असे आम्हाला शिकवले गेले. ते बरोबर आहे का?

उत्तर : डोळे भरून आले तर पुसावेत, लपवण्याची गरज नाही. मी एकच कसोटी लावते : माझ्या रडण्यामुळे त्यांनाच माझी समजूत घालावी लागते आहे का? तसे होत असेल, तर सहकारी परिचारिकेला तिथे थांबवून आपण बाहेर यावे. ज्या वॉर्डांत मृत्यू वारंवार होतात, तिथे अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रूढ केलेली एक साधी प्रथा सुरू करावी असे मी सुचवेन. मृत्यूनंतर सर्व कर्मचारी पलंगाभोवती मिनिटभर शांत उभे राहतात. एक जण एवढेच म्हणतो, की हे कोणाचे तरी माणूस होते आणि इथल्या सर्वांनी त्याच्यासाठी धडपड केली. घरचे उपस्थित असले, तर त्यांनाही त्यात सामील करून घेता येते.

प्रश्न : आमच्या अपघात विभागात हृदय बंद पडलेल्या रुग्णाला सीपीआर (छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न) देताना नातेवाइकांना बाहेर काढण्याची पद्धत आहे. एका पत्नीने आत थांबण्याचा फार आग्रह केला, आम्ही ऐकले नाही. ते योग्य होते का?

उत्तर : माझ्या उमेदीच्या काळात मीही अनेकांना बाहेर काढले आहे आणि त्याचे मला आज वाईट वाटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका अभ्यासात, घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या ५७० नातेवाइकांपैकी एका गटाला, सीपीआर चालू असताना थांबायचे आहे का, असे मुद्दाम विचारण्यात आले. तीन महिन्यांनंतर पाहिले, तेव्हा असे न विचारलेल्या गटात मानसिक आघाताची लक्षणे अधिक होती आणि नातेवाईक जवळ असल्यामुळे उपचारांत अडथळाही आलेला नव्हता. दाराबाहेर उभे राहून माणूस जे कल्पितो, ते आतल्यापेक्षा भयंकर असते असा माझा अनुभव आहे.

पण दार उघडून आत सोडले की आपले काम संपले, असे होत नाही. एका परिचारिकेने केवळ त्या नातेवाइकासाठी मोकळे राहिले पाहिजे. काय दिसेल ते तिने आधी सांगावे, कुठे उभे राहायचे ते दाखवावे, जे चालू आहे ते हळू आवाजात समजावून सांगावे आणि वाटेल तेव्हा बाहेर जाता येईल असेही सांगावे. ज्याला आत यायचे नाही, त्याला अपराधी वाटेल असे एक अक्षरही बोलू नये. आणि प्रयत्न थांबवण्याचे ठरले, की थांबण्यापूर्वी त्या पत्नीला जवळ नेऊन पतीचा हात तिच्या हाती द्यावा.

प्रश्न : मी प्रसूती विभागात आहे. पूर्ण दिवसांचे बाळ मृत जन्माला आले, की आमच्याकडे ते लगेच गुंडाळून बाजूला नेतात. आईने पाहिले तर तिला जास्त त्रास होईल, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. आम्ही काय करू शकतो?

उत्तर : तुम्हाला पटत नाही, ते योग्यच आहे. पाहायचे की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे असते. आपण ठरवायचे नसते. काहींना बाळ कुशीत घ्यायचे असते, काहींना फक्त हात पाहायचा असतो, काहींना काहीच नको असते, आणि सकाळचे ‘नको’ दुपारपर्यंत बदलू शकते. म्हणून एकदाच न विचारता थोड्या वेळाने पुन्हा विचारावे आणि आधी बाळ कसे दिसते त्याचे वर्णन करावे : त्वचेचा रंग, ओठांचा रंग, कुठे सालपटे निघाली असतील तर तेही. मृत बाळाची त्वचा फार नाजूक असते, ती चोळू नये, मऊ कापडाने टिपावी. बाळाला इतर कोणत्याही बाळाइतक्याच काळजीने उचलावे, डोक्याखाली हात ठेवावा. आई सर्व काही पाहत असते. तुम्ही तिचे बाळ कसे धरले होते, ते ती विसरणार नाही.

नाव ठेवले असेल तर नावाने बोलावे, नसेल तर ‘बाळ’ म्हणावे. वजन आणि लांबी मोजून लिहून द्यावी. पालकांची हरकत नसेल तर पावलाचा ठसा आणि छायाचित्र घ्यावे. आज नको म्हणाले तर पाकीट बंद करून नोंदीसोबत ठेवावे आणि हवे तेव्हा मिळेल असे सांगावे. मात्र ते त्यांच्या नकळत कधीही घेऊ नये. शक्य असेल तर आईचा पलंग नवजात बाळांचे रडणे ऐकू येणार नाही अशा जागी हलवावा आणि खोलीच्या दारावर एखादी ठरलेली खूण लावावी, म्हणजे पाळी बदलल्यावर आत आलेली व्यक्ती ‘काय झाले, मुलगा की मुलगी?’ असे विचारणार नाही.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्याच ठिकाणी सांगायची राहते. बाळ नसले तरी दोन-तीन दिवसांनी आईच्या छातीत दूध उतरते. तोवर ती घरी गेलेली असते. एका आईने मला सांगितले होते, की तिसऱ्या दिवशी पहाटे तिचे कपडे ओले झाले, तेव्हा क्षणभर तिला बाळ जिवंतच आहे असे वाटले. तिला कोणीच काही सांगितले नव्हते. हे होणार आहे, ते का होते, त्रास कमी करण्यासाठी काय करावे आणि ताप आला किंवा छातीत गाठ दुखू लागली तर कुठे यावे, हे घरी जाण्यापूर्वी तिला सांगितलेच पाहिजे.

आणि वडिलांना विसरू नये. सगळे त्यांना ‘ती कशी आहे?’ एवढेच विचारतात. समाजाला जे दुःख पुरेसे मोठे वाटत नाही त्याला, नाकारलेला शोक अशा अर्थाची संज्ञा केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली रूढ केली. ‘पुन्हा होईल’ हे वाक्य त्या नाकारण्याचेच एक रूप आहे.

प्रश्न : आजीच्या शेवटच्या वेळी माझ्या सात वर्षांच्या मुलीला आत सोडावे का, यावरून घरात वाद झाला. सिस्टरने मत द्यायचे टाळले. तिने काय सांगायला हवे होते?

उत्तर : तिने वाद सोडवायला नको होता, पण माहिती द्यायला हवी होती. या वयापर्यंत बहुतेक मुलांना मृत्यू म्हणजे परत न येणे, एवढे कळू लागते. मुलीला यायचे आहे का, हे तिलाच विचारावे. आत काय दिसेल ते आधी सांगावे. आणि ती कंटाळली तर तिला बाहेर नेऊ शकेल असे, स्वतः फार कोसळलेले नसलेले माणूस सोबत द्यावे. ‘आजी झोपली’ असे सांगू नये, कारण त्यामुळे मुले झोपायला घाबरू लागतात. ‘आजीचे शरीर काम करायचे थांबले, आता ती श्वास घेत नाही, तिला काही दुखत नाही’ हे मुलांना समजते. मुलांनी मध्येच खेळायला जाणे स्वाभाविक आहे. आणि हे आपल्यामुळे झाले का, ही शंका त्यांच्या मनात असते. त्यांनी विचारले नाही तरी तिचे उत्तर द्यावे.

प्रश्न : शोकाच्या पाच पायऱ्या असतात असे आम्ही अभ्यासक्रमात शिकलो. कुटुंबातील माणूस कोणत्या पायरीवर आहे हे ओळखून मदत करावी का? आणि मृत्यूनंतर काही आठवड्यांनी आम्ही त्यांना फोन केला तर चालेल का?

उत्तर : त्या पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ साली मांडल्या, पण त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या नातेवाइकांना ते निरीक्षण नंतर लावले गेले. प्रत्येक जण त्या क्रमाने जातोच, असे दिसत नाही. ‘या अजून नाकारण्याच्या पायरीवर आहेत’ असे पाळी बदलतानाच्या हॅंडओव्हरमध्ये बोलले जाते, तेव्हा मला फार अस्वस्थ वाटते. त्या बाईंना माणूस म्हणून पाहणे तिथेच थांबते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली मांडलेले चित्र मला अनुभवाशी अधिक जुळणारे वाटते : माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी बिल भरणे, स्वयंपाक, नोकरी अशा कामांकडे, आणि हे हेलकावे चालूच राहतात. म्हणून चौथ्या दिवशी कोणी विनोदावर हसले तर तो निष्ठुर ठरत नाही, आणि आठव्या महिन्यात रडू फुटले तर तो मागे गेला असेही होत नाही.

काळजी कधी करावी, हेही ठाऊक असले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे : सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या समाजात अपेक्षित असते त्याहून कितीतरी जास्त, तीव्र ओढ किंवा वेदना टिकून राहिली आणि रोजचे जगणे ठप्प झाले, तर तज्ज्ञांची मदत लागते. मात्र ‘मलाही त्याच्याकडे जायचे आहे’ असे कोणी म्हटले, तर महिने मोजत बसू नये. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असे त्याच दिवशी सरळ विचारावे, माणसाला एकटे सोडू नये आणि मदत मिळवून द्यावी. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे.

फोन जरूर करावा. रुग्णालयाची संमती घेऊन, वॉर्डाच्या क्रमांकावरून, दोन-तीन आठवड्यांनी करावा, कारण तोवर भेटायला येणारी माणसे पांगलेली असतात. नाव आणि वॉर्ड सांगून ‘तुमची आठवण झाली म्हणून फोन केला, आता बोलता येईल का?’ असे विचारावे. झोप, जेवण आणि सोबतीला कोण आहे याची चौकशी करावी. आणि शेवटी विचारावे, ‘त्या दिवसाबद्दल काही विचारायचे राहून गेले आहे का?’

असाच फोन मी एकदा एका बाईंना केला होता. त्यांचे यजमान हिवाळ्यातल्या एका रात्री गेले होते. माझ्या त्या प्रश्नावर त्या इतका वेळ गप्प राहिल्या, की फोन बंद झाला असे मला वाटले. मग त्यांनी विचारले, ‘सिस्टर, त्यांच्या पायांत मोजे होते का हो? त्यांच्या पायांना फार थंडी वाजायची.’ मी म्हणाले, ‘होते. निळे, लोकरीचे. दहा वाजता मीच घातले होते.’ ‘बरं झालं’, त्या म्हणाल्या, आणि नंतर आम्ही आणखी थोडा वेळ मोज्यांबद्दलच बोललो. ते त्यांनी स्वतः विणले होते.